एचआयव्ही असलेल्या मुलाचं औषध घरात नीट कसं चालवायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी

मोठ्या माणसाची एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) एकदा बसली की वर्षानुवर्षं तीच गोळी आणि तीच वेळ. मुलाचं तसं नसतं. त्याचं वजन वाढतं तसा डोस बदलतो, शाळेची वेळ बदलते, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत औषध देणारं माणूसही बदलत राहतं. आई आजारी, बाबांची तुर्भ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी, म्हणून मूल काही महिने दिघ्याला आजीकडे, मग कळव्याला मावशीकडे. अशा घरांबरोबर काम करताना मला सारखं दिसत आलंय की औषध क्वचित कमी पडतं, घरातली व्यवस्था मात्र वारंवार कमी पडते. कोण देणार, किती देणार, तो माणूस नसला तर कोण देणार, हे ठरलेलंच नसतं. हा लेख मुख्यतः त्या व्यवस्थेबद्दल आहे. खाली डोसचे आकडे आहेत ते समज यावी म्हणून. तुमच्या मुलासाठी एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस हाच खरा.

पायरी १: तपासणी वेळेवर, आणि पुरी

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्तात आईच्या प्रतिपिंडांचा अंश १८ महिन्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे मोठ्यांची नेहमीची रॅपिड टेस्ट बाळाला केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तरी बाळाला लागण झाली असा अर्थ निघत नाही. बाळासाठी वेगळी तपासणी असते. टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतात, ते वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे थेट विषाणूचा शोध घेतला जातो. हा पहिला नमुना सहा आठवड्यांचा झाल्यावर घेतात, म्हणजे दीड महिन्याच्या लसीच्याच सुमारास. लसीला जाल त्याच फेरीत आयसीटीसीत (एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) हेही करून या. पुढचे नमुने ६ आणि १२ महिन्यांना, आणि शेवटचा निर्णय १८ महिन्यांनंतर. बाळ अंगावर पीत असेल तर दूध तोडल्यानंतरही पुन्हा तपासावं लागतं. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. दूध चालू असेपर्यंत धोका पूर्ण संपलेला नसतो.

या काळात बाळाला लागण टाळण्यासाठी नेव्हिरापिनचं सिरप निदान सहा आठवडे असतं. आईची औषधं उशिरा सुरू झाली असतील किंवा तिचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) जास्त असेल तर हा काळ वाढवतात, कधी त्याला झिडोव्हुडिनची जोड देतात. सहा आठवड्यांपासून कोट्रायमोक्साझोलही सुरू होतं. ते न्यूमोनियासारखे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी असतं आणि बाळाला लागण नाही हे पक्कं होईपर्यंत चालवायचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं ठरलं असेल तर वरचं काहीही नको, घुटीही नको. मधूनच वरचं दूध आणि मधूनच अंगावरचं, हा प्रकार सगळ्यात वाईट. आणि या सगळ्याचा पाया म्हणजे आईची स्वतःची गोळी रोज न चुकता जाणं.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात. पण त्या दुसऱ्या अहवालाची वाट बघत उपचार लांबवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण साधं आणि कठोर आहे. जन्मतः लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही तर जवळजवळ एक तृतीयांश बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जातात आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत निम्मी. दक्षिण आफ्रिकेतल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बाळं आजारी पडायची वाट न बघता लगेच उपचार सुरू केल्यावर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. ‘बाळ तर छान खेळतंय, जरा मोठं होऊ दे’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर त्याला हे आकडे दाखवा.

पायरी २: केंद्रात नाव घालणं

देशात एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते, आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. सीडीफोर (आजाराशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोड या तपासण्यासुद्धा मोफत. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात एआरटी केंद्रं आहेत. तपासणीसाठीची आयसीटीसी तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या सरकारी आणि पालिका दवाखान्यात असते. मूल फार गुंतागुंतीचं आजारी असेल तर इथले डॉक्टर शीवला लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा परळला वाडिया रुग्णालयात पाठवतात. घराजवळचं केंद्र कुठलं, ओपीडी कुठल्या दिवशी, हे १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून विचारा. नाव सांगावं लागत नाही.

काही जण मुद्दाम दूरचं केंद्र निवडतात. ऐरोलीत राहून मुंबईत जातात, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. भीती मला समजते. तरीही मुलाच्या बाबतीत जवळचं केंद्र बरं, असं माझं ठाम मत आहे. ताप आलेलं मूल कडेवर घेऊन ट्रान्स हार्बरच्या गर्दीतून दर महिन्याला जाणं काही वर्षं जमतं, मग एखादी फेरी चुकते, आणि चुकलेली फेरी म्हणजे संपलेलं औषध. नाव बदलून घ्यायचं असेल तर आहे त्या केंद्रातून रीतसर बदलीचा कागद घ्या. मधेच सोडून दुसरीकडे नव्यानं नाव घालू नका, मागच्या औषधांची सगळी माहिती तिथेच राहते.

पहिल्या भेटीत वजन आणि उंची घेतात, लहान बाळाच्या डोक्याचा घेरही मोजतात. रक्तात हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, सीडीफोर, कावीळ बी आणि सी बघतात. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये सीडीफोरचा आकडा मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतो, म्हणून त्यांच्यात टक्केवारी बघतात. शेजारच्या मोठ्या माणसाच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. टीबीची विचारपूस प्रत्येक भेटीत होते. खोकला, ताप, वजन न वाढणं आणि घरात कुणाला टीबी असणं, या चार गोष्टी. यातलं शेवटचं लोक लपवतात. लपवू नका. टीबी नाही असं दिसलं तर एक वर्षावरच्या मुलांना तो टाळण्यासाठी सहा महिने आयसोनियाझिड देतात.

सीडीफोर किती आहे यावर आता औषध सुरू करणं अवलंबून नाही. लागण पक्की झाली की औषध सुरू. फक्त त्याआधी समुपदेशक ताई एक प्रश्न विचारतील: औषध कोण देणार? इथे घाईनं ‘मीच’ म्हणू नका. दोन नावं द्या. दुसरं माणूस पहिल्याच दिवशी केंद्रात बरोबर न्या आणि त्याच्यासमोर डोस समजावून घ्या.

पायरी ३: कुठलं औषध, किती

बहुतेक मुलांना आता तीन औषधं एकत्र असतात: अबाकाविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर. पहिली दोन एकाच गोळीत येतात. लहान मुलांसाठी डोल्युटेग्रॅविरची १० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी असते, मधोमध रेघ असलेली, जरा गोडसर चवीची. चार आठवड्यांपेक्षा मोठ्या आणि तीन किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळाला ती देता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार या १० मिलिग्रॅमच्या गोळीचा डोस असा चढतो: ३ ते ५.९ किलोला अर्धी, ६ ते ९.९ ला दीड, १० ते १३.९ ला दोन, १४ ते १९.९ ला अडीच. वीस किलो झाले की मोठी ५० मिलिग्रॅमची एक गोळी. इथे एक सापळा आहे. लहान गोळी पाण्यात विरघळते म्हणून शरीरात जास्त प्रमाणात शोषली जाते. तिचे ३० मिलिग्रॅम हे मोठ्या गोळीच्या ५० मिलिग्रॅमइतकं काम करतात. म्हणून ‘मोठी संपली, लहान पाच दिल्या’ किंवा ‘लहान संपल्या, मोठीचा तुकडा दिला’ हा हिशेब घरी करायचा नाही. मूल साधारण १० वर्षांचं झालं आणि वजन ३० किलोच्या वर गेलं की मोठ्यांचीच टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र असलेली) ही दिवसातून एक गोळी देता येते. बऱ्याच मुलांना तो दिवस फार आवडतो.

काही मुलं अजून लोपिनाविर-रिटोनाविरवर आहेत. त्याचं सिरप अतिशय कडू, ते जेवणाबरोबर द्यायचं, आणि गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, अख्खीच गिळायची. तुमचं मूल यावर असेल आणि रोजची रडारड असेल, तर डोल्युटेग्रॅविरवर बदलता येईल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच नको.

कुठलीही गोळी तोडण्याआधी केंद्रातल्या फार्मासिस्टना विचारा. आणि त्यांनी ‘दीड’ सांगितलं तर तिथेच, त्यांच्यासमोर, एक गोळी रेघेवर तोडून दाखवा.

पायरी ४: रोजचं देणं

वेळ अशी निवडा जी रविवारी आणि सुट्टीतही बदलत नाही. ‘सकाळी ८’ पेक्षा ‘दात घासल्यावर, चहा-दुधाच्या आधी’ हे जास्त टिकतं. डोल्युटेग्रॅविरनं काही मुलांची झोप बिघडते, म्हणून सकाळच चांगली. घरातल्या मोठ्यांची गोळीही त्याच वेळेला असेल तर फारच उत्तम. मूल बघून शिकतं. रात्रपाळी असलेल्या घरात मात्र मी उलट सांगते: सकाळी घरी नक्की कोण असतं ते आधी बघा, आणि वेळ त्या माणसावरून ठरवा.

विरघळणारी गोळी देण्याची रीत नीट बघून घ्या. हात धुवा. स्वच्छ पेल्यात दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० मिली, पिण्याचं पाणी घ्या. दूध किंवा सरबत नको. त्यात डोल्युटेग्रॅविर आणि अबाकाविर-लॅमिव्हुडिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या एकत्र टाकल्या तरी चालतात. पेला हलवत राहा, तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत. मग लगेच पाजा. अर्ध्या तासाच्या आत संपलंच पाहिजे. पेला रिकामा दिसतो तेव्हा तो रिकामा नसतो, कडेला पांढुरका थर राहतो. त्यात पुन्हा चमचाभर पाणी घाला, हलवा आणि तेही पाजा. दहा किलोच्या मुलाच्या डोसचा हा थर म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. तान्ह्या बाळाला सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. एका आजींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या नातीच्या सिरिंजवर लाल पेनानं रेघ मारून दिली होती, आणि डबीच्या झाकणावर एक पूर्ण आणि एक अर्धा गोल काढला होता. त्यांच्या हातून डोस चुकला नाही. अक्षरओळख असलेल्या घरांतही ही युक्ती मी सुचवते, कारण सकाळच्या घाईत डोळे अक्षरापेक्षा चित्र लवकर पकडतात.

अर्धी गोळी उरली तर त्याच डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आधी तीच वापरा. डबीतली ओलावा शोषणारी छोटी पुडी फेकू नका. पावसाळ्यात आपल्याकडची हवा गोळ्या मऊ करते. मोरीजवळचा कोनाडा, शेगडीच्या वरची फळी, खिडकीची कड, यातलं काहीच नको. गोदरेजच्या कपाटात कपड्यांच्या मागची कोरडी जागा चांगली, आणि लहान भावंडांच्या हाताबाहेरची.

पाहुण्यांना कळू नये म्हणून पुष्कळ जण गोळ्या जुन्या हिंगाच्या नाहीतर व्हिटॅमिनच्या डबीत भरतात. त्यात ओलावा शिरतो, मुदत कळत नाही, आणि एका घरात दोन मुलं औषधावर असतील तर डोस बदलून बसतो. लपवायचंच असेल तर मूळ डबीवर साधा कागद चिकटवा आणि त्यावर मुलाचं नाव, गोळीची ताकद, डोस आणि मुदत तेवढी लिहा.

उलटी झाली तर? औषध दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झाली असेल तर पूर्ण डोस पुन्हा द्या. नंतर झाली असेल तर पुन्हा नको. सकाळी विसरलं आणि दुपारी किंवा संध्याकाळी आठवलं, तर आठवल्याक्षणी द्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर त्या दिवसाचा एकच डोस, दुप्पट नाही. आणि चुकलेला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. भिंतीवरचं कालनिर्णय यासाठी पुरेसं आहे. तीस दिवसांत दोन डोस बुडले तर प्रमाण ९३ टक्क्यांवर येतं, आणि केंद्र ९५ च्या वर धरतं. म्हणजे महिन्यात फारतर एक. हा काटेकोरपणा छळण्यासाठी नाही. औषधाची रक्तातली पातळी खाली गेली की विषाणू वाढतो, आणि वाढताना त्या औषधाला न जुमानणारे प्रकार तयार होतात. मुलाला ही औषधं पुढची साठ-सत्तर वर्षं पुरवायची आहेत.

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती फार घरांत कुणी सांगितलेलीच नसते. शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढे निळी. लोह, कॅल्शियम आणि पोटातल्या जळजळीवरची पांढरी-गुलाबी औषधं डोल्युटेग्रॅविरला पोटातच बांधून टाकतात. लोहाची गोळी बंद करायची नाही, मुलाला रक्त हवंच आहे. फक्त डोल्युटेग्रॅविर त्याच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्या. सकाळी सातला एआरटी आणि शाळेत मधल्या सुट्टीनंतर लोह, असं सहज बसतं. लोह आणि डोल्युटेग्रॅविर एकाच वेळी घ्यायची पाळी आली तर भरपेट जेवणाबरोबर घ्यावी.

फिट्सवरचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन चालू असेल, किंवा टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं असेल, तर ते एआरटीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. रिफाम्पिसिनबरोबर डोल्युटेग्रॅविर दिवसातून एकदा पुरत नाही, दोनदा द्यावं लागतं. गल्लीतल्या डॉक्टरकडे तापासाठी गेलात तरी चालू औषधांचा कागद दाखवा. रोगाचं नाव सांगायची हिंमत होत नसेल तर औषधांची नावं तरी सांगा.

पायरी ५: पहिले काही आठवडे

बहुतेक मुलांना थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते आणि निवळते. पण अबाकाविरबद्दल एक धोका घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या, खोकला किंवा धाप, खूप थकवा, यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम आल्या आणि प्रत्येक डोसनंतर वाढत गेल्या, तर त्याच दिवशी केंद्रात जा. रात्र असेल तर इमर्जन्सीत जा, केंद्राचं औषधांचं पुस्तक बरोबर घेऊन. ही अबाकाविरची अॅलर्जी आहे असं डॉक्टरांनी ठरवलं तर ते औषध त्या मुलाला आयुष्यात पुन्हा कधीही द्यायचं नाही. दुसऱ्यांदा दिलं तर जिवावर बेतू शकतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हे लाल अक्षरांत लिहून घ्या.

झिडोव्हुडिनवर असलेल्या मुलाचा चेहरा पांढुरका दिसू लागला, दम लागू लागला, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणखी एक प्रकार घाबरवतो. औषध सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होते आणि आतापर्यंत दबून राहिलेला आजार उफाळून वर येतो. तान्ह्या बाळांत डाव्या दंडावर, बीसीजी टोचलेल्या जागी गळू होतं किंवा त्याच बाजूच्या काखेत गाठ येते. ‘औषधानं बाधलं’ म्हणून एआरटी बंद करू नका. डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: वजन आणि व्हायरल लोड

दर फेरीला मुलाचं वजन पुस्तकात लिहिलं गेलं का ते स्वतः बघा. गर्दीच्या दिवशी वजन राहून जातं, मागचाच डोस पुढे लिहिला जातो. ९.८ किलोचं मूल १०.३ झालं की दीडच्या दोन गोळ्या होतात. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: ‘डॉक्टर, वजनाचा टप्पा बदलला का?’ डोस बदलला की घरातल्या दोन्ही औषध देणाऱ्यांना त्याच संध्याकाळी सांगा आणि झाकणावरचं चित्र बदला. आणि दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही तर तीही बातमी आहे, टीबीपासून उपाशी राहण्यापर्यंत तिची कारणं असू शकतात. वेगळा आहार लागत नाही. वरण-भात, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, केळं, आणि उकळलेलं पाणी. महागड्या प्रोटीन पावडरींवर पैसे घालवू नका.

व्हायरल लोड औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला आणि पुढे दरवर्षी करतात. एका मिलीलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त विषाणू सापडले तर सहसा लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने कसून समुपदेशन करून औषध नियमित करतात आणि पुन्हा तपासतात. या तीन महिन्यांत घरानं खरं सांगणं फार महत्त्वाचं आहे. गोळ्या मोजून घेतात म्हणून उरलेल्या गोळ्या फेकून देऊन हिशेब जुळवणारी माणसं आहेत. त्यानं डॉक्टरांना वाटतं की मूल औषध घेतंय आणि औषध चालत नाही, मग नाहक दुसऱ्या फळीची औषधं सुरू होतात. उरलेल्या गोळ्या तशाच घेऊन जा. कुणी रागावलं तर ऐकून घ्या.

‘मुळापासून बरा करतो’ असं सांगणारे बाबा आणि जाहिराती लोकलच्या डब्यातही दिसतात. त्यांच्या नादानं बंद केलेलं औषध पुन्हा सुरू करेपर्यंत मुलाचं जे नुकसान होतं ते कुणी भरून देत नाही.

पायरी ७: पाऊस, गणपती, मे महिना

जुलैत रूळ पाण्याखाली गेले की केंद्र गाठता येत नाही. गणपतीला आणि मे महिन्यात अर्धं ठाणं गावी असतं. म्हणून घरात कायम निदान एका आठवड्याचं औषध शिल्लक राहील अशा बेतानं तारखेच्या आधीच जा. गावी जास्त दिवस राहायचं असेल तर निघण्याआधी केंद्रात सांगा. तब्येत स्थिर असलेल्या मुलाला एकाहून जास्त महिन्यांचं औषध देण्याची सोय आहे. प्रवासात औषध हातातल्या पिशवीत, एसटीच्या टपावर किंवा डिकीत नाही. पुस्तकाच्या चालू पानाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. गावाजवळचं एआरटी केंद्र कुठलं ते समुपदेशकांकडून लिहून घ्या.

पायरी ८: मुलाला सांगणं

या पायरीला घरं सगळ्यात जास्त अडतात. ‘ताकदीची गोळी आहे’ हे उत्तर पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. आठ वर्षांचं मूल विचारतं, मग दादाला का नाही? बारा वर्षांचं विचारतही नाही. ते गोळीचं नाव मोबाईलवर शोधतं आणि एकटंच वाचतं. त्यानंतर गादीखाली गोळ्या सापडू लागतात. म्हणून टप्प्याटप्प्यानं, तुम्हीच, आधी सांगा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला: ‘तुझ्या रक्तात एक किडा आहे, ही गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी चुकली तर तो जागा होतो.’ आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर विषाणू, आजाराशी लढणाऱ्या पेशी, आणि तपासणीत आपण काय मोजतो हे सांगा. स्वतःचा व्हायरल लोड दबला हे कळल्यावर मुलं परीक्षेच्या निकालासारखी खुलतात. दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान एचआयव्ही हे नाव. ते केंद्रातल्या समुपदेशकांसमोर, ठरवून, मूल बरं असताना सांगा, भांडणात नको, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही नको. त्याच बैठकीत तीन गोष्टी सांगायच्या: यात तुझी काही चूक नाही, औषध घेतलंस तर तू शिकशील, काम करशील, लग्न करशील, आणि कुणाला सांगायचं हे आपण दोघं मिळून ठरवू. ‘कुणालाही सांगू नकोस’ एवढंच म्हटलं तर मुलाच्या मनात शरम बसते. एखादं तरी माणूस द्या ज्याच्याशी ते बोलू शकेल.

सर्वांत अवघड प्रश्न ‘मला हे कुणामुळे झालं?’ हा असतो. आई स्वतः समोर असेल तर तिच्यासाठी तो क्षण फार जड असतो. उत्तर आधी समुपदेशकांबरोबर बोलून तयार ठेवा. ‘माझ्या पोटात असताना झालं, तेव्हा मलाही माहीत नव्हतं’ हे खरं असेल तर तेच सांगा. मूल काही दिवस बोलणार नाही. बोलू द्या त्याच्या वेळेनं. गोळी मात्र त्या दिवसांतही चुकू देऊ नका.

शाळा, कायदा, पैसे

दिवसातून एकदाचं औषध घरीच होत असल्यानं शाळेला सांगण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि सांगण्याची सक्तीही कुणी करू शकत नाही. एकत्र डबा खाणं, खेळणं, एकाच बाकावर बसणं यातून लागण होत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारणं, मुलाला वेगळं बसवणं, दवाखान्यात उपचार टाळणं बेकायदा आहे, आणि परवानगीशिवाय कुणाची लागण उघड करणंही. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. याच कायद्यात एक फार मोलाचं कलम आहे: आईबाप नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात १२ ते १८ वयाचं समजूतदार भावंड, जे घर चालवतंय, ते धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश आणि उपचारांसाठी सही करू शकतं.

पैशांसाठी दोन दारं आहेत. महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना, ज्यात सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा मदत मिळते, आणि तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदान योजना. कागद मागतात: उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं, केंद्राचं पत्र. अर्जाच्या रांगेत मोठ्यानं आजाराचं नाव विचारलं गेलं तर केंद्राचं पत्र बंद पाकिटात पुढे करा आणि ‘यात लिहिलंय’ एवढंच म्हणा.

हातात देणं

चौदा-पंधरा वर्षांपासून जबाबदारी हळूहळू मुलाकडे सरकवा, पण एकदम सोडून देऊ नका. आधी गोळी स्वतः काढून तुमच्यासमोर घ्यायची. मग तारीख स्वतः लक्षात ठेवायची. मग केंद्रात डॉक्टरांशी काही मिनिटं एकट्यानं बोलायचं, तुम्ही बाहेर बसायचं. या वयात औषध चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि कारण बहुतेकदा विसर नसून कंटाळा किंवा राग असतो, म्हणून ओरडण्याआधी विचारा. प्रेम, लैंगिक संबंध, लग्न यांबद्दल समुपदेशकांशी त्याला स्वतःला बोलू द्या. नियमित औषधानं व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली राहिला तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे त्यानं तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं पाहिजे.

नोकरी किंवा कॉलेजसाठी पुण्याला, नाशिकला जायचं ठरलं तर निघण्याच्या महिनाभर आधी बदलीचा कागद, मागच्या सगळ्या व्हायरल लोडची यादी, अबाकाविरची अॅलर्जी असेल तर तिची नोंद, आणि दोन महिन्यांचं औषध, हे सगळं त्याच्या स्वतःच्या बॅगेत.